गडाच्या दरवाजाचा पाळणा

५ जानेवारी १९६९, रविवार

मलकापूरहून व्याही आकारामराव आले होते. आमच्या लेकीला, पमाला, दिवस गेलेत. मे महिन्यात बाळंतपण. फार आनंद झाला. सुपारी कातरता कातरता व्याही म्हणाले, आमच्यात पहिल्या बाळाचा पाळणा माहेरनंच येतो, बगा. मी म्हणालो, येईल, आणि तो मी स्वतःच्या हाताने करीन.

हे वाक्य तोंडातून कसं गेलं कळलं नाही, पण गेल्यावर शोभून दिसलं. व्याह्यांचा अडकित्ता थांबला. स्वयंपाकघरात सौ.च्या हातून पातेलं पडलं. आनंदाने पडलं असावं.

पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क झालो म्हणून काय झालं, मुळात मी सुतारकामाचा माणूस. स्टूल केलंय. ते अजून आहे. एका अंगाला झुकतं, पण आमची फरशीच त्या अंगाला उतरती आहे. पमा लहान असताना तिला डुलता घोडा करून देणार होतो. लाकूड सीझन व्हायला, म्हणजे वाळून पक्कं व्हायला, माळ्यावर टाकलं. ते सीझन होईस्तोवर तिचं लग्न झालं. ह्यात चूक असलीच तर लाकडाची.

१२ जानेवारी

रद्दीतून आणलेलं विलायती मासिक पुन्हा काढलं. त्यात हौशी लोकांनी घरच्या घरी करायच्या पाळण्याचं डिझाइन आहे. फोटोतला साहेब टाय लावून रंधा मारतोय. बाजूंना 'मरीन प्लाय', बाकी सांगाडा सागवान. खाली लिहिलंय, आपला स्थानिक लाकूडवाला आपल्याला आनंदाने सल्ला देईल.

म्हणजे माल मिळाला की काम झालंच. पाळणा फेब्रुवारीअखेर तयार. मार्चमध्ये नुसतं पॉलिश.

१९ जानेवारी

बाजारात गेलो. पहिल्या हार्डवेअरवाल्याकडे मरीन प्लाय मागितला. त्याने विचारलं, म्हंजे काय असतंय? म्हणालो, बोटी बांधायला वापरतात, पाण्याने सुटत नाही. त्यावर म्हणतो, पावणं, बोट काय रंकाळ्यात सोडनार हाय? दुकानातली सगळी माणसं हसली. गिऱ्हाइकंसुद्धा.

दुसऱ्याकडे नुसता प्लायवूड मागितला. मरीन शब्द टाळला. तो म्हणाला, चहाच्या खोक्याचं असतंय तसलं व्हय? ते वाण्याकडं बगा.

आनंदाने सल्ला कुणीच दिला नाही. आनंद मात्र झाला त्यांना.

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून नदीच्या वाटेवरच्या केरबाच्या वखारीत गेलो. ढीगच्या ढीग लाकूड! आणि कोल्हापुरात लाकूड मिळत नाही म्हणतात. जांभळीचे दोन ओंडके पसंत केले. केरबा फार अदबीने वागला. हळू आवाजात बोलला. कोण गेलं, असं विचारलं. मी म्हणालो, कुणी गेलं नाही, येणार आहे. तो बुचकळ्यात पडला.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. तिने वखार कुठली ते विचारलं आणि कपाळावर हात मारून घेतला. स्मशानाला लाकडं जातात ती वखार! पाळण्याला आणि त्याला एकच लाकूड आणणार होता होय, म्हणून चांगलं तासभर चाललं. देवाजवळ दिवा लावून झाल्यावरही चाललं.

संध्याकाळी केरबाला नको म्हणून सांगून आलो. तो अजिबात रागावला नाही. म्हणाला, काय हरकत न्हाय साहेब, कवातरी येशीलाच की.

२ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!

आमच्याच मंगळवार पेठेत, दोन गल्ल्या सोडून, शमशुद्दीनभाईंची वखार. इतकी वर्षं जातायेता बघत होतो, आत कधी गेलो नव्हतो. आत भिंतीला एक सागवानी फळी उभी आहे. दांडेलीची. रेषा बघून मला बोलवेना. शमशुद्दीनभाई तिच्यावरची धूळ खांद्यावरच्या फडक्याने पुसत होते. मी म्हणालो, ही द्या. ते म्हणाले, बसा.

मग त्यांनी माझी चौकशी केली. गाव कुठलं, नोकरी कुठली, पक्की की हंगामी, दारू पिता का, घरात उन्हं कुठून येतात, पावसाचं गळतं का. मी सगळं सांगितलं. मग म्हणाले, हात दावा. हात दाखवले. बराच वेळ उलटेपालटे करून बघितले आणि विचारलं, ह्या हातानं आजपतूर काय केलंय? स्टूल म्हणालो. ते म्हणाले, घिऊन या.

ही खरी जात लाकूडवाल्याची. मासिकात लिहिलंय ते अगदी बरोबर आहे.

९ फेब्रुवारी

स्टूल डोक्यावर घेऊन गेलो. शमशुद्दीनभाईंनी ते मधोमध ठेवलं, भोवती फिरले, बसले, उठले. मग विचारलं, पाय किती हायत? चार, म्हणालो. मग तीनच का टेकत्यात? मी फरशीचं कारण सांगितलं. त्यांनी स्टूल उचलून दुसरीकडे ठेवलं. मग दारात. मग रस्त्यावर. योगायोग असा की त्यांची अख्खी वखार आणि पुढचा रस्ताही त्याच अंगाला उतरता आहे.

चहा पाजला. मग मन मोकळं केलं. ही फळी त्यांची जुलेखा जन्मली त्या साली आली. जुलेखाचं लगीन झालं, ती दोन पोरांची आई झाली, पण हिला अजून स्थळ मिळंना. एक जण टेबल करायचं म्हणत होता, त्याला हाकलला. एक मुनसफ कपाटासाठी आले होते, त्यांचा स्वभाव बरा वाटला न्हाय. मी विचारलं, मग वखार चालते कशावर? ते म्हणाले, तुमी आत्तापतूर हिथं कुणाला काय घिऊन जाताना बगितलंय का?

निघताना म्हणाले, विचार करून कळवतो.

२३ फेब्रुवारी

कळवलं नाही. स्वतः गेलो. शमशुद्दीनभाईंनी चहाऐवजी नुसती सुपारी पुढे केली तेव्हाच ओळखलं. म्हणाले, वाईट वाटून घिऊ नका, माणूस तुमी चांगलं हाय, पन योग न्हाय.

फळी नाकारली गेल्याचं दुःख वेगळंच असतं. माझ्याच लग्नाच्या वेळी दोन ठिकाणचे नकार आले होते, पण त्यांची कारणं निदान पत्रिकेत होती.

पाळणा फेब्रुवारीअखेर होणार नाही. मार्चअखेर. पॉलिश एप्रिलमध्ये.

१६ मार्च

पमाला बाळंतपणासाठी आणायला मलकापूरला गेलो. आडून आडून लाकडाचा विषय काढला. व्याह्यांनी लगेच कुऱ्हाड मागवली. म्हणाले, बांधावरचा फणस तोडून नेवा की, आख्खा, आमच्यात काय लाकडाचा तोटा हाय व्हय? मोह झाला. पण पाळणा माहेरचा म्हणायचा आणि लाकूड सासरचं? शिवाय त्यांच्या मिशीखालचं हसू मला दिसलं. नको म्हणालो. माल आमच्याकडे रेडी आहे असंही म्हणालो.

म्हणून त्यांनी झाड ठेवून फणसच बांधून दिले. तीन. यष्टीत लोक पाय वर घेऊन बसले.

शाहूवाडी सोडल्यावर पमाने विचारलं, आण्णा, पाळणा झाला का वो? म्हणालो, लाकूड सीझन होतंय. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, घाई नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून बोलली की मला, ते ठरवता आलं नाही. पोर सुकली आहे फार.

पाळणा झालाच पाहिजे. आता थट्टा नाही.

३० मार्च

हत्यारांना धार लावली. करवत, रंधा, पटाशी. अंगठ्यालाही लागली. आठ दिवस काम बंद.

१३ एप्रिल, रविवार

वाण्याकडून चहाची चार खोकी आणली. त्या हार्डवेअरवाल्याचं बोलणं तेव्हा टोचलं होतं, पण शांतपणे विचार केला तर आसामातून कोल्हापूरपर्यंत जो प्लाय येतो तो पाऊसपाणी सोसूनच येतो. म्हणजे मरीनच की. नाव फक्त पडलेलं नाही.

मासिकात मरीन प्लायची टेस्ट आहे. बारा तास पाण्यात ठेवून बघायचं. फळ्या हौदात बुडवल्या, वर पाटा ठेवला. घरच्यांना मुद्दाम सांगितलं नाही. टेस्ट नैसर्गिक वातावरणात व्हावी.

१४ एप्रिल

फळ्यांचे थर सुटून त्यांची वही झाली आहे. हौदातलं पाणी लालभडक. सौ.ने सकाळी त्याच पाण्याने देव धुतले. देव्हाऱ्यात सगळीकडे चहाचा वास. माझ्याशी बोलत नाही. पमाला हसू आवरत नव्हतं, म्हणजे दिवस अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

टेस्टमुळे एक सिद्ध झालं. हा मरीन नव्हे.

४ मे

मेहुणे हंबीरराव आले. त्यांचा ट्रक आहे. सिनेमाच्या स्टुडिओच्या सामानाची ने-आण करतात, म्हणून बोलण्यात हिरोचा उल्लेख एकेरीत असतो. म्हणाले, दाजी, सावंतवाडीचा तयार पाळणा आनून टाकू, झुंबराचा, उगं कशाला अंगठा कापून घेताय? मी त्यांना स्वच्छ सांगितलं की विकतचा पाळणा ह्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. सौ. म्हणाली, पोराला जमिनीवर निजवायचं का? मी म्हणालो, वेळ पडली तर. नंतर ते वाक्य मागे घेतलं.

मग हंबीरराव म्हणाले, लाकूडच पायजे तर स्टुडिओत गडाचा सेट मोडायला लागल्यात. पिच्चर संपला. प्लायवूड नुसतं पडलंय.

मला आधी का नाही सांगितलं? चार महिने मी गावभर फिरतोय! ते म्हणाले, तुमी पाळण्याला लाकूड बगताय म्हायती होतं, गडाला बगताय म्हायती नव्हतं.

७ मे

हंबीररावांनी ट्रकमधून गडाच्या दरवाजाचा अर्धा भाग आणून टाकला. गल्ली गोळा झाली. दणदणीत माल. इंचभर जाड दिसतो, प्रत्यक्षात बराच पातळ आहे, ही त्यांची कला. दरवाजाला हत्तींना अडवण्यासाठी मोठाले काळे खिळे आहेत. सौ. घाबरली, बाळाला टोचतील म्हणून. मी खिळा काढून दाखवला. नारळाची करवंटी, वरून डांबर. ती म्हणाली, मग हत्ती आला तर?

पाण्यात घालून टेस्ट करणार होतो. हौदाला कुलूप आहे.

१३ मे

पहाटे पमाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. नाक माझं आहे. व्याह्यांना तार केली. तारेत पाळण्याचा उल्लेख करणार होतो, पण तारमास्तर म्हणाले शब्द वाढतील.

चोवीस तारखेला बारसं. आता बघाच.

१८ मे

दरवाजा कापला. दोन बाजू, डोकं, पाय, तळ. सांधे डव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या खाचांचे, घ्यायचे होते, पण ह्या प्लायला डव्हटेल मानवत नाही, पापुद्रे निघतात. म्हणून सरस आणि चुका. सरस उकळताना जो वास सुटला त्यावरून शेजारच्या बाळाबाई विचारून गेल्या, तुमच्यात काय मेलंय का?

एका बाजूला दरवाजावर रंगवलेला अर्धा हत्ती आलाय. सोंडेकडचा. छान दिसतो.

२३ मे

पूर्ण!! माडीच्या तुळईला साखळ्यांनी टांगला. उंबऱ्यातून बघितलं, खिडकीतून बघितलं, आरशातूनही बघितलं. सगळीकडून पाळणाच दिसतो. फक्त वारा आला की स्वतःहून नदीकडे तोंड करतो.

हलवून बघणार होतो, तोच सौ. ओरडली, रिकामा पाळणा हलवायचा नसतो, बाळाच्या पोटात दुखतं. बरं, आत तांदळाचं पोतं ठेवतो म्हटलं, तर बाळाच्या आधी दुसरं काही निजवायचं नाही. उद्या रीतीप्रमाणे आधी वरवंटा फिरेल, मग बाळ. त्यामुळे टेस्ट झाली नाही. तशी गरजही नव्हती. आमच्या रीतीभाती आणि इंजिनियरिंग ह्यांचा मेळ पूर्वजांनी घालून ठेवलेलाच असणार.

पमा येऊन बघून गेली. हत्तीच्या सोंडेवरून हात फिरवला. म्हणाली, आण्णा, खरंच केलात की वो. डोळे भरले होते तिचे. माझेही. सरसाचा धूर अजून माडीवर आहे.

२४ मे, शनिवार. सकाळी ९

बायका जमल्या. मलकापूरची मंडळी आली. व्याही पाळण्याखाली उभे राहून वर बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. ह्याला म्हणतात जिंकणं.

त्याच दिवशी. रात्र

शांतपणे लिहितो.

दहा वाजता ट्रकचा हॉर्न. हंबीरराव बारशाला आले म्हणून पुढे गेलो तर मागे स्टुडिओची चार माणसं. एक रीळ धुताना खराब झालंय. रीटेक. हिरो गडात शिरतो तो सीन आहे, पण शिरल्यावर दरवाजा लावायचा सीन गेला. हंबीरराव घाम पुसत म्हणाले, दाजी, हिरो गडात शिरलाय, पर दार उगडंच हाय. शत्रू यायच्या आत लावाय पायजे. आजच. संध्याकाळच्या गाडीनं त्यो मुंबैला चाललाय.

मी म्हणालो, तो दरवाजा आता पाळणा आहे. ते म्हणाले, निम्मा पाळणा, निम्मा आमच्याकडं दरवाजाच हाय. हत्तीचं ढुंगण तिकडं हाय, सोंड हिकडं.

चौघांनी साखळ्या काढल्या. बायका हातात वरवंटा घेऊन बघत राहिल्या. मी एकच अट घातली, माझ्या मालाला बाहेरचा हात लागू देणार नाही, जोडणी मीच करणार. सौ.ने विचारलं, बारसं? मी म्हणालो, आलोच. कारागिराला असे प्रसंग येतात. निघताना ती म्हणाली, निदान दोरी तरी द्या. मी माळ्यावरची काथ्याची दोरी काढून दिली आणि ट्रकमध्ये बसलो.

पाळण्याचा पुन्हा दरवाजा करणं सोपं नव्हतं. तुकडे होते तितकेच, पण दरवाजा आधी ज्या मापाचा होता त्याहून लहान झाला. सरस होताच. चार तास लागले. करवंट्या मोजून बसवल्या. शॉटच्या आधी मला बाहेर काढलं, गर्दी नको म्हणून. आत हिरोचं भाषण ऐकू आलं, हा दरवाजा उभा आहे तोवर हा गड कुणी घेणार नाही. मग मोठा आवाज झाला. मग शांतता. लाइट पडला असावा.

दिग्दर्शक बाहेर आले. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. काही बोलले नाहीत. समाधानाने माणूस गप्पच होतो.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. सौ.ने स्वतःच्या जुन्या नऊवारीची झोळी बांधली होती, तुळईला. बाळ झोपलं होतं. नाव वैशाली ठेवलं, असं बाळाबाईंकडून कळलं. व्याही जेवून गेले. पमाने ताट वाढलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१ जून

हंबीरराव सांगत होते, नवीन रीळ शिल्लक नव्हतं म्हणून आहे तोच शॉट ठेवलाय आणि त्यासाठी गोष्टीत जरासा बदल केलाय. काय बदल ते त्यांना माहीत नाही म्हणतात. आपलं काम गोष्टीला वळण लावणारं ठरलं. घरात सांगितलं. सौ. भाजी निवडत राहिली.

१३ नोव्हेंबर

दिवाळीला पमा आणि वैशाली आल्या आहेत. आज पिक्चर लागला. अख्खी रांग माझ्या खर्चाने. सौ., पमा, मांडीवर वैशाली, हंबीरराव, मलकापूरहून मुद्दाम बोलावलेले व्याही. शमशुद्दीनभाईंनाही पास दिला. शेजारच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही सांगितलं, दरवाजाकडे लक्ष ठेवा.

सीन आला. हिरो घोड्यावरून आत शिरला. दरवाजा लागला. माझा दरवाजा! हत्ती मधे जरा आखूड झालाय पण ओळखू येतो. मी पमाला कोपराने खुणावलं. हिरोने अडसर घातला, दरवाजाकडे पाठ केली, हात वर केला. हा दरवाजा उभा आहे तोवर...

दरवाजा त्याच्या पाठीमागे सावकाश आडवा झाला. कुणी धक्का मारला नव्हता. बाहेर शत्रू नव्हताच, स्टुडिओतला एक माणूस चहा पीत उभा होता. तोही पडद्यावर दिसला. एक करवंटी घरंगळत हिरोच्या पायाशी आली. पुढच्या सीनमध्ये गड पडलेला आहे आणि सगळे रडताहेत. गोष्टीतला बदल तो हाच. मूळ गोष्टीत गड अजिंक्य राहणार होता.

पब्लिकने शिट्ट्या मारल्या. व्याही इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. मी अंधारात पमाकडे बघितलं. ती हसत नव्हती. तिने वैशालीला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं.

त्या दरवाजात त्या दिवशी बाळ... नको.

१४ नोव्हेंबर

शमशुद्दीनभाईंच्या वखारीवरून गेलो. त्यांनी लांबून मला बघितलं, आत जाऊन फळीवर गोणपाट टाकलं आणि दार लोटून घेतलं.

घरी वैशाली झोळीत झोपली होती. एक झोका दिला. करकर नाही, काही नाही. बारशापासून सहा महिने टांगलेली आहे, झोळी एकदाही सुटली नाही.

दोरी मी दिली होती.